तू कुणाची

हात पुढे आला आणि नेस्टा पर्समध्ये रुमाल शोधायला लागली. रुमाल तिच्या डाव्या मुठीतच होता, घामाने भिजून लगदा झालेला, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तिने पर्सची चेन उघडली, आत मान घातली, किल्ल्या, कंगवा, दुकानाचं ओळखपत्र सगळं वरखाली केलं. रविवारची उपासना अर्ध्यावर आली होती. पाद्रीबाबांनी "एकमेकांना शांती द्या" म्हटलं होतं आणि नेहमीप्रमाणे अख्खं चर्च बाकं सोडून एकमेकांत मिसळलं होतं. ग्वाडलकनाल बेटावरच्या होनियारा शहरातल्या त्या टेकडीवरच्या चर्चमध्ये हे काम आटपता आटपत नसे. कुणी हात हातात घेऊन आजीच्या गुडघ्यांची चौकशी करी, कुणी लग्न ठरवी, आणि पाद्रीबाबा बिचारे पुढे उभे राहून घसा खाकरत. नेस्टाने त्या दिवशी कितीतरी हात हलवले होते. मग खांबाआडून ती म्हातारी आली. नवी होती. निळा झगा, गालांवर लहानपणी कोरलेल्या बारीक रेघा. "शांती असो, बाळ," ती म्हणाली, आणि तिच्या बोलण्यातला तो मलायता बेटाचा हेल कानावर पडल्याबरोबर नेस्टाची मान पर्समध्ये गेली. वर बघितलं तेव्हा तो हात अजून तसाच होता, चुन्याने पांढरं झालेलं अंगठ्याचं नख, फुगलेली बोटं. मग हात आपणहून खाली गेला आणि म्हातारीने तो झग्याला पुसला. मळ जणू तिच्याच हाताला होता. "असू दे," ती म्हणाली. पुढे सगळे रांगेने प्रभुभोजनाला निघाले तेव्हा ती रांगेत नव्हती. बाजूच्या दारात वाकून चपलांच्या ढिगातून आपली जोडी उचलताना तिची पाठ तेवढी नेस्टाला दिसली. नेस्टा मात्र गेली. वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकले, तळहातावर भाकर घेतली, तोंडात टाकली, आणि ती टाळूला जी चिकटली ती द्राक्षारसाच्या घोटानेही हलेना. मी काय केलं, तिने स्वतःला विचारलं. काही नाही केलं. रुमाल शोधला. रुमाल शोधणं पाप आहे का?

घरी दुपारी रताळी सोलताना सुरी बोटाला लागली. नवरा हडसन पायरीवर बसून सुपारी चघळत होता. तो इसाबेल बेटावरचा, त्याला कुणाशी काही देणंघेणं नाही. "आज तोंड का वाकडं?" त्याने विचारलं. तिने सांगितलं. सांगताना म्हातारीचा हात जरा आखूड केला आणि आपली घाई जरा वाढवली. हडसन चघळायचा थांबला. "म्हणजे तू तिला हात दिला नाहीस."

"रुमाल शोधत होते म्हटलं ना!"

"बरं बाई, रुमाल शोधत होतीस. सापडला का?"

"हडसन, डोकं नको खाऊस."

"मी कशाला खाऊ? तुम्ही ग्वाडलकनालचे, ते मलायताचे. तुम्ही एकमेकांची घरं जाळायची आणि आम्ही इसाबेलवाल्यांनी दोघांच्या मयताला गाणी म्हणायची. एवढंच आमचं काम." तो थुंकला, पण मग हळूच म्हणाला, "म्हातारी होती का गं?" त्या हळू बोलण्याने तिला सगळ्यात जास्त राग आला. तो हसला असता तर भांडता तरी आलं असतं.

हडसनला काय कळणार? त्याच्याकडे हात म्हणजे हात. नेस्टाच्या माणसांत हात दिला म्हणजे भांडण मिटलं. आधी दोन्हीकडचे मामा बसायचे, शिंपल्यांच्या माळा यायच्या, डुकरं यायची, रडणं व्हायचं, आणि सगळ्यात शेवटी हात. आधीच हात देऊन मोकळं झालं तर मेलेल्या माणसाला फुकटात सोडून दिल्यासारखं होतं. आणि नेस्टाचा मेलेला माणूस अजून मेलाही नव्हता धड. दोन बेटांच्या लोकांत मारामाऱ्या झाल्या त्या गडबडीच्या वर्षांत तिचा धाकटा भाऊ सेल्विन रॉकेल आणायला शहरात आला. तेव्हा शहर मलायतावाल्यांच्या ताब्यात होतं आणि शहराबाहेरचे रस्ते नेस्टाच्या बाजूच्या पोरांच्या. नदीच्या पुलाजवळ मलायतावाल्यांनी त्याला ट्रकवरून उतरवलेलं लोकांनी पाहिलं. त्यानंतर कुणी काही पाहिलं नाही. हाडं नाहीत, थडगं नाही, माळा नाहीत, डुकरं नाहीत. पुढे शांतता झाली, बाहेरच्या देशांचे शिपाई आले, बंदुका समुद्रात बुडवल्या, पाद्रीबाबांनी दोन्हीकडच्यांना एका कपातून पाजलं, पण क्लेमेंटमामा दर नाताळाला आठवण देत असे, "हाड दाखवल्याशिवाय आपल्यातलं कुणी हात द्यायचा नाही." नेस्टा मान हलवी. म्हणजे बघा, तिने केलं ते रीतीप्रमाणेच केलं होतं. मग रताळ्याच्या पाण्यात हात घालून ती एवढा वेळ का बसली होती? सेल्विनचा चेहरा आठवायला गेलं की मधे ते चुन्याचं नख येत होतं. भावाचंही नीट दुःख करू देईना ती म्हातारी.

आठवडा सुरू झाला. नेस्टा चायनाटाऊनमध्ये म्हाताऱ्या वोंगच्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसे. खिळे, पत्रे, रंग, रॉकेलचे दिवे. मलायताचं गिऱ्हाईक रोजचंच, किंबहुना जास्त तेच; बांधकामाला तेच लोक. सोमवारी एका मलायतावाल्याने नोट पुढे केली आणि नेस्टाने सुटे पैसे त्याच्या तळहातावर ठेवताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. लागली की. दर दिवशी लागतात. इतकी वर्षं हिशेब चुकता करताना ती या हातांना शिवत आली आहे आणि तिला कधी काही वाटलं नाही. मग काल काय झालं? दुकानातला हात गिऱ्हाइकाचा, तो कुणाचा आहे ते विचारायचं कारण नाही. चर्चमधला हात... चर्चमधला हात तरी कुणाचा असतो? पाद्रीबाबा तर म्हणतात की तिथं वर कुणाची जात, बेट, बाजू बघत नाहीत, सगळ्यांना एकच दार. ती हे लहानपणापासून ऐकत आली, आमेन म्हणत आली, चर्चच्या मदर्स युनियनतर्फे पोरींना तिने स्वतः हे शिकवलंय, फळ्यावर सगळ्या बेटांचे नकाशे काढून. आणि वेळ आली तेव्हा काय, तर रुमाल. "ओ बाई, सुटे कमी दिलेत," पुढचा माणूस म्हणाला. नेस्टा ओशाळली. दिवसभरात तिने तीन चुका केल्या आणि वोंग चष्म्यावरून बघत राहिला.

बुधवारी बसथांब्यावर तिने डोरिनमावशीला गाठलं. डोरिनमावशी रस्त्याकडेला छत्री रोवून सुपारी, तिच्याबरोबर चघळायच्या पानवेलीच्या शेंगा आणि चुना विकायची आणि होनियारात कोण कुणाच्या घरी का जेवलं नाही ते तिला ठाऊक असायचं. नेस्टाने उगाच इकडचंतिकडचं काढलं, मग सहज विचारल्यासारखं विचारलं, ती निळ्या झग्याची नवी म्हातारी कोण गं?

"रोडा? ती वर पाण्याच्या टाकीजवळ राहते, लेकीकडे. गेलीच म्हण आता. मूत्रपिंडं गेली, डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं. आणि वर हट्ट बघ! काल पाद्रीबाबा प्रभुभोजन घेऊन घरी गेले तर त्यांना तसंच परत पाठवलं. म्हणे, मला नाही चालायचं ते. ते माझ्यासाठी नाही."

नेस्टाच्या हातातली सुपारी खाली पडली.

"असं का म्हणाली?"

"कोण जाणे. रविवारी चर्चमध्ये काहीतरी झालं म्हणते लेक. बाई बोलायला तयार नाही. आणि काय गं, तुझं कुठे लक्ष असतं? तुला माहीत नाही? ती तुमच्यातलीच आहे."

"आमच्यातली कशी? बोलते तर मलायतासारखी."

"लग्न तिकडे झालं, जन्म तिकडे काढला, मग बोलणार कशी? कूळ मोठ्या पक्ष्याचं. तुझ्याच आईचं कूळ, म्हणजे तुझंही. गडबडीत आपल्या पोरांनीच तिला नाक्यावरून सोडवून आणली, गाठोडी डोक्यावर घेऊन. मावशी लागते तुझी, अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

सुटले! नेस्टाच्या मनात आधी एवढंच आलं. अंगावरून ओझं उतरलं, चक्क हसू आलं. आपलीच आहे! मग हात द्यायला रीत आडवी येत नाही, मामाला विचारायला नको, सेल्विन मधे येत नाही. जाऊन सांगायचं, मावशी, मी ओळखलं नाही गं. म्हातारी गाल ओढेल, रागावेल, रविवारी येईल. तिने डोरिनमावशीकडून चांगली सुपारी घेतली, दुकानातून ट्यूनाचे डबे आणि साखर घेतली आणि दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर तशीच टाकीच्या चढाला लागली. ऊन अजून उतरायचं होतं. चढ उभा, वाट लाल मातीची, दोन्हीकडे कसावाचे वाफे. निम्म्या वाटेवर दम लागून ती थांबली आणि तिथंच तिच्या आनंदात काहीतरी कुजकं लागलं. डोरिनमावशीने ते कूळ सांगितलं नसतं तर? म्हातारी पाद्रीबाबांना परत पाठवते आहे हे ऐकून सुपारी खाली पडली, पण पाय उचलला तो 'आपलीच' हे ऐकल्यावर. मरणाऱ्या बाईला माझ्यामुळे देवाचं दार बंद झालं, हे पुरलं नाही नेस्टाबाईंना! कूळ लागलं. देवाने सगळ्यांना सारखं मानावं, आणि नेस्टाने मोठ्या पक्ष्याच्या लोकांना. ती तिथंच दगडावर बसली. परत फिरावं असं वाटलं. ट्यूनाचे डबे मांडीवर होते आणि त्यांची तिला लाज वाटली, ते डबे नात्याचे होते. वरून एक बाई पाण्याचे कॅन घेऊन उतरत होती, ती म्हणाली, "काय गं, चढवत नाही का?" नेस्टा उठली. खाली जायला तोंड नव्हतं म्हणून वर गेली, खरं सांगायचं तर एवढंच.

रोडा ओसरीवर चटईवर पडली होती, पाठीशी तांदळाचं पोतं. पाय सुजून चकाकत होते. लेकीने स्टूल पुढे केलं आणि आत चहा टाकायला गेली. नेस्टा स्टुलावर बसली नाही, चटईच्या कडेला बसली, पिशवी पुढे सरकवली आणि पाठ केलेलं बोलून टाकलं. "मावशी, मी नेस्टा. रविवारी मी तुला ओळखलं नाही."

म्हातारीने पिशवीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मावशी? डोरिनने सांगितलं वाटतं."

"हो. आपण एकाच कुळातल्या."

"नाही," रोडा म्हणाली.

नेस्टाला वाटलं, आजाराने भ्रम झालाय. पण म्हातारीचे डोळे स्वच्छ होते. ती कोपरावर उठून बसली आणि आतल्या लेकीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलायला लागली. "मी मलायतातल्या लाऊच्या खाडीतली. माझी आई तिथली, तिची आई तिथली. तुमच्या कुळाशी माझा काडीचा संबंध नाही. आम्ही इकडे पाम तेलाच्या मळ्यावर कामाला होतो. शेजारीण तुमच्यातली, मोठ्या पक्ष्याची. तिच्याकडून भाषा शिकले, तिच्या आजीपणजीची नावंसुद्धा शिकले. मग तुमच्या पोरांनी आम्हाला हाकललं. गाठोडी घेऊन शहराकडे चालत निघालो तर वाटेत नाका. बांबू आडवा टाकलेला, पोरगेलेसे, बंदुका घेतलेले. एकच प्रश्न विचारायचे. तू कुणाची? मी शेजारणीचं कूळ सांगितलं. तिची आजी सांगितली, पणजी सांगितली. पोरं एकदम नरम झाली बघ. आजी म्हणाली मला. गाठोडं डोक्यावर घेतलं. आणि मागे माझी जाऊ होती." ती थांबली. "तिने मला आमच्या भाषेत हाक मारली. मी वळले नाही. पोरांनी विचारलं, ही तुझ्याबरोबर आहे का? मी म्हटलं, मी हिला ओळखत नाही."

"मग?"

"मग काय? मी इकडे आले, ती परत वळली. पुढचं मला विचारू नकोस." रोडाने तोंडावरून हात फिरवला. "तेव्हापासून मी तुमचीच आहे. सगळे सांगतात, मोठ्या पक्ष्याची. लेकीलाही तेच ठाऊक. आजवर कुणाला कळलं नाही. रविवारी तू माझ्या हाताकडे बघितलंस आणि मान फिरवलीस, तेव्हा मला कळलं. याला माहीत आहे म्हटलं."

"कुणाला?"

"देवाला. अजून कुणाला? म्हटलं, चला, तिथं वरही नाका आहे तर. तिथंही विचारतात कुणाची, आणि तिथं खोटं चालत नाही. मग कशाला उगाच रांगेत उभं राहायचं? तुझा राग नाही आला बाळ, खरंच. माझं मलाच कळलं."

म्हातारी रागावेल, रडेल, शाप देईल, सगळ्याची तयारी होती नेस्टाची. आपल्या त्या फालतू, भेकड मान फिरवण्यात कुणाला देव दिसेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. पुलावरच्या नाक्यावर सेल्विनलाही हाच प्रश्न विचारला असेल. त्याने खरं सांगितलं असेल; तो वेडा होता, खोटं बोलता यायचं नाही त्याला. आणि इतकी वर्षं त्या नाक्यावरच्या लोकांना शिव्या देत आपण स्वतः काय करत आलो? चर्चच्या आत बांबू आडवा टाकून बसलो. "तो देव नव्हता," ती म्हणाली. "ती मी होते. रुमाल हातातच होता माझ्या. तू मलायताची म्हणून नाही दिला हात. एवढंच. देवाचा काही संबंध नाही गं त्यात."

रोडाने विचारलं, "तुझं कोण गेलं?"

"भाऊ."

"आमच्या लोकांनी?"

"हो."

आत कपबशा वाजल्या. रोडाने मान हलवली. "एक विचारू? डोरिनने कूळ सांगितलं नसतं तर आली असतीस का तू?"

खोटं अगदी जिभेवर आलं होतं, गोड, सोपं. लेक चहा घेऊन आली, तिने दोन कप खाली ठेवले, पिशवीतले डबे बघून "कशाला एवढं आणायचं!" म्हणाली आणि आत गेली. "नसते आले," नेस्टा म्हणाली.

"बरं झालं खरं बोललीस," रोडा म्हणाली, आणि चहाची बशी तोंडाला लावली. रविवारी चर्चला येणार की नाही ते तिने सांगितलं नाही. नेस्टाची विचारायची हिंमत झाली नाही. निघताना तिने हात पुढे करावा की नाही हे ठरवता ठरवता ती पायऱ्या उतरलीसुद्धा. तिला आता हात देण्याचाही अधिकार वाटत नव्हता, आणि क्लेमेंटमामाला हे कळलं तर काय, ही भीती अजून होतीच. एवढं सगळं ऐकून झाल्यावरही होती, याचं तिला आश्चर्य वाटलं नाही, फक्त स्वतःचा वीट आला.

रविवारी रोडा आली. लेकीने आणि जावयाने दोन्ही बाजूंनी धरून तिला मागच्या बाकावर बसवलं. शांती द्यायची वेळ आली तेव्हा नेस्टा जागची उठली नाही; लोक येऊन तिचा हात हलवून गेले आणि तिने सगळ्यांना आपला हात नुसता घेऊ दिला. क्लेमेंटमामा पुढच्या बाकावर होता, नव्या इस्त्रीच्या शर्टात. मग रांग लागली. आज मी जायचं नाही, नेस्टाने आधीच ठरवलं होतं. जिने दुसऱ्याला दारातून परत पाठवलं तिने कुठल्या तोंडाने आत जायचं? ती बाकावर खाली मान घालून बसली. हडसनने खांद्याला हात लावला, ती नाही म्हणाली, तो गेला. रांग तिच्या बाकाशेजारून सरकत होती. आणि मग थांबली. नेस्टाने वर बघितलं. रोडा लेकीचा हात सोडून तिच्या बाकाची कड धरून उभी होती. धाप लागली होती. पुढे जागा मोकळी झाली तरी ती सरकेना. मागच्यांनी माना उंच करून बघायला सुरुवात केली. पाद्रीबाबा थाळी हातात घेऊन उभेच.

"ऊठ," रोडा म्हणाली.

"मी आज नाही..."

"मला जास्त वेळ उभं राहवत नाही. ऊठ गं."

नेस्टा उठली. मलायताचा तो हेल ऐकून क्लेमेंटमामाने मागे वळून बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत जे होतं ते तिने बघितलं, आणि तरीही तिने म्हातारीच्या काखेत हात घातला. केवढी जड होती ती! दोघी कठड्यापर्यंत गेल्या आणि गुडघ्यावर बसताना रोडा जवळजवळ तिच्या अंगावर आली. पाद्रीबाबा कठड्याच्या एका टोकाकडून येत होते, प्रत्येकाच्या तळहातावर सारखाच तुकडा, प्रत्येकाला तेच शब्द. आपण सेल्विनला आज विकलं का, नेस्टाच्या मनात आलं. हाडं न मिळवता, माळा न घेता, मामाच्या देखत? की हे त्याच्याचसाठी होतं? तिला कळेना. दोन्ही गोष्टी खऱ्या वाटत होत्या आणि दोन्हींनी छाती सारखीच भरून येत होती. पाद्रीबाबा समोर आले. "ख्रिस्ताचं शरीर, तुझ्यासाठी दिलेलं," ते म्हणाले, आणि तळहातावर तुकडा पडला. आमेन म्हणायला नेस्टाने तोंड उघडलं.

"सेल्विन," ती म्हणाली.

पाद्रीबाबा थांबले. त्यांना काय करावं कळेना. ओळीत कुणीतरी खोकलं. नेस्टाने पुन्हा प्रयत्न केला, पण भावाच्या नावापुढे तिच्या तोंडून शब्द फुटेना, नुसते ओठ हलले.

शेजारून रोडा म्हणाली, "आमेन."